वाट विचारा : कोकणात कुठे जावं आणि कधी

माझी उभी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बरीचशी वस्तीच्या गाड्यांवर. संध्याकाळी गाडी गावात लागायची आणि पहाटे पहिल्या फेरीला निघायची. मधली रात्र त्या गावाची. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली गावं मला दिवसापेक्षा रात्री आणि पहाटे जास्त ठाऊक आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांनी ‘कुठे जावं’ एवढंच विचारलंय. ‘कधी’ हे फार थोड्यांनी विचारलंय, म्हणून ते मी बहुतेक उत्तरांत आपणहून घालतो आहे.

मास्तर, फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवसांची सुट्टी आहे. आम्ही दोघं आणि मुलं, एक नऊ वर्षांचा, एक बारा वर्षांची. मुरुड-जंजिरा, हरिहरेश्वर, वेळासची कासवं, गणपतीपुळे, थिबा राजवाडा, सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली एवढं पाहायचं ठरवलंय. कसं बसवावं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

दादा, हे चार दिवसांत बसणार नाही आणि बसवूही नका. मुरुडपासून मालवणपर्यंतचा किनारा नकाशात सरळ दिसतो, पण दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. ती ओलांडायची तर पूल शोधत आत जा, नाहीतर जंगलजेटीची, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीची, वाट बघा. तुमची मुलं चारही दिवस गाडीच्या मागच्या सीटवर झोपून काढतील.

तुमच्या यादीत वेळासची कासवं आहेत आणि तुम्ही येताय तो हंगाम नेमका त्यांचा. तेव्हा वेळासला धरून राहा. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि खड्डा बुजवून परत पाण्यात जातात. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखायला सुरुवात केली. रात्री किनारा फिरून अंडी उचलायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुन्हा पुरायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात.

मुलांना काय दिसेल ते सांगतो. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला कासवमित्र कुंपणात जातात. प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. ती एकेक करून उचलायची. बहुतेक टोपल्यांखाली नुसती वाळू. मग एखादीखाली वाळू मधोमध खचलेली असते आणि त्यात काळपट, तळहाताच्या खळग्यात मावतील एवढी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडे ओल्या वाळूवर ठेवतात आणि उरलेलं अंतर ती आपली आपण चालतात. एखादं वाट चुकून आडवं जातं, थांबतं, लाट अंगावरून गेली की उलटं मागे फेकलं जातं आणि पुन्हा चालू लागतं. माद्या मोठ्या झाल्यावर ज्या किनाऱ्यावर जन्मल्या त्याच भागात अंडी घालायला परततात, आणि हे पहिलं चालणं त्यासाठी गरजेचं असतं असं अभ्यासक मानतात. म्हणून कुणी हात लावायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. तुमच्या बारा वर्षांच्या लेकीला हेही सांगा की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. म्हणून दोन रात्री तिथेच राहा, म्हणजे चार वेळा बघायची संधी मिळते. गावात घरोघरी राहायची-जेवायची सोय होते. मधल्या वेळेत बाणकोटचा किल्ला बघा, सावित्रीच्या मुखावर आहे. पलीकडे जायचं तर वेसवीहून जंगलजेटीने बागमांडल्याला उतरा, हरिहरेश्वर तिथून जवळ. मग उरलेले दोन दिवस केळशी, आंजर्ले आणि दापोली. पन्हाळेकाजीची लेणी चुकवू नका. दापोलीपासून आत, कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. आधी बौद्धांची, पुढे नाथपंथीयांची. गर्दी नसते आणि नदीकाठी सावली असते.

एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. 2021 साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर! टॅगवरचा नंबर जुळला म्हणून कळलं. सिंधुदुर्ग आणि तारकर्ली पुढच्या वर्षी. ती कुठे जात नाहीत.

मास्तर, मी कॉलेजात नाटक करतो. दशावताराबद्दल खूप ऐकलंय. खरा दशावतार कुठे बघायला मिळेल? तिकीट आधी काढावं लागतं का?
— एक विद्यार्थी, नाशिक

बाळा, तिकीट नसतं. देवळाच्या आवारात जाऊन बसायचं. शहरातल्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग होतात, तेही चांगले असतात, पण तू नाटक करतोस म्हणतोस तर जत्रेतलाच बघ.

कार्तिक पौर्णिमेच्या आसपास तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि त्या पार उन्हाळ्यापर्यंत चालतात. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण या भागात थंडीच्या दिवसांत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात दशावतार असतोच. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा याच दिवसांतली. बहुतेक जत्रा तिथीला असतात, पण सगळ्याच नव्हेत. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणून आधी मुक्कामाचं गाव पक्कं कर आणि तिथल्या माणसाला विचार, ‘आज जत्रा खंय?’ मालवणी एवढंच आलं तरी पुरतं.

आता बघायचं कसं. संध्याकाळीच पोच. कंपनीचा टेम्पो आलेला असतो, पेटारे उतरवलेले असतात. या पेटाऱ्यांत देवांचे मुखवटे आणि साज असतो, त्यांची पूजा झाल्याशिवाय काही सुरू होत नाही. नट स्वतःच रंगतात. देवळाच्या पडवीत ओळीने बसून, समोर हातभर आरसा घेऊन. परवानगी विचारून एका कोपऱ्यात बस आणि स्त्रीपार्टी नटाकडे बघत राहा. सगळ्या भूमिका पुरुषच करतात. शर्ट काढून बसलेला, दिवसभर शेतात काम करून आलेला माणूस असतो. तो आधी चेहऱ्याला रंग लावतो, मग भुवया कोरतो, कुंकू लावतो. तोवर तो आपल्या शेजाऱ्याशी भाताच्या दराबद्दल बोलत असतो. अंबाडा बांधून नऊवारीचा पदर खांद्यावर आला की त्याचं बोलणं कमी होतं. मान वळवायची तऱ्हा बदलते. उठून उभा राहतो तेव्हा पाऊलही वेगळं पडतं. हे मी कितीतरी रात्री पाहिलंय आणि ते नेमकं कुठल्या क्षणी घडतं ते मला कधी पकडता आलं नाही. तू नाटकातला आहेस, तुला कदाचित येईल.

देवाची पालखी देवळाभोवती फिरून झाली की मध्यरात्रीच्या आगेमागे खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग : गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि काळ्या वेषातला संकासुर. संकासुर मालवणीत बोलतो आणि गावातल्या चालू गोष्टींवरून लोकांना हसवतो. मग आख्यान. कथा पुराणातली, पण हातात संहिता नसते. रंगायच्या आधी नाईक, म्हणजे कंपनीचा सूत्रधार, कथा सांगतो, कोण कुणानंतर येणार ते ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. दोन कसलेले नट समोरासमोर आले आणि वाद रंगला की पेटीवाला आणि मृदंगवाला त्यांच्या तोंडाकडे बघून साथ करतात. तीच कथा दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात वेगळी होते. म्हणून एकच कंपनी लागोपाठ दोन रात्री बघ. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, तेव्हा खेळ संपतो.

अंगावर शाल घे, बसायला चादर घे आणि नटाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नकोस. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाया ज्या श्रद्धेने बघत असतात, तिचाही मान राख.

दिवसा वेळ असेल तेव्हा कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ जपलाय. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ला पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. चित्रकथीत एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतात. रात्री दशावतार आणि दिवसा चित्रकथी बघितलीस तर एकच कथा दोन हातांनी कशी सांगतात ते समजेल.

आम्ही दोघी शिक्षिका आहोत. कातळशिल्पं पाहायची आहेत. कुठली पाहावीत? गाईड लागतो का? आणि ती खरंच किती जुनी आहेत?
— दोन मैत्रिणी, कोल्हापूर

ताई, हा प्रश्न आला याचा मला मनापासून आनंद झाला. आमची गाडी या सड्यांवरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवरून, वर्षानुवर्षं गेली. गुराख्यांना ही चित्रं ठाऊक होती, कुठे त्यांना पांडवांची म्हणत, कुठे नुसती ‘चित्रं’. पण त्यांचं महत्त्व बाहेर पोचलं ते रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सुट्टीचे दिवस घालवून गावोगावचे सडे पालथे घातल्यावर. 2022 ला कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली : कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक.

एका दिवसात दोन ठिकाणं बघा, जास्त नको. माझ्या मते कशेळीपासून सुरुवात करावी. तिथला हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. लांबी अठरा मीटरच्या घरात. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं खोदलेली आहेत : मासे, पक्षी, वाघ, आणखी बरंच काही. सोंडेकडून सुरुवात करून कडेने चालत फेरी मारा, म्हणजे आकार डोक्यात बसतो. बारसूला दोन्ही बाजूंना झेपावणारे वाघ आणि मधे हात पसरून उभा माणूस आहे. देवाचे गोठणेला माणसाच्या आकृतीवर होकायंत्र ठेवलं तर काटा भलतीकडे वळतो. त्या जागेच्या खडकात चुंबकीय विचलन आहे. शिक्षिका आहात, होकायंत्र घेऊन या. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी नक्षी आहे, ती प्राण्यांच्या चित्रांहून अगदी वेगळी.

वेळ : सकाळी नवाच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर. रेघा जेमतेम बोट-दोन बोटं खोल असतात. ऊन तिरकं पडलं की त्यांत सावली भरते आणि चित्र उठून येतं. भर दुपारी जाल तर तापलेला जांभा आणि डोळ्यांवर येणारा उजेड, एवढंच मिळेल. पावसाळ्यात रेघांत पाणी भरतं, शेवाळ चढतं. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

वयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काही चित्रं दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. काही ठिकाणी एकशिंगी गेंडा आणि पाणघोड्यासारखे प्राणी कोरलेत. हे प्राणी आज कोकणात नाहीत. कोरणाऱ्यांनी ते कुठे पाहिले असतील याचा विचार करत त्या सड्यावर बसायला मला फार आवडतं. शिकारीवर जगणारी माणसं, शेती अजून दूर, आणि त्यांनी उघड्या कातळावर एवढा मोठा हत्ती मापात काढला. वरून बघायला ना डोंगर ना मनोरा!

गाईड म्हणाल तर गावातला माणूस बरोबर घ्याच. त्याला योग्य ते पैसे द्या. काही ठिकाणी गावकऱ्यांनीच कठडे बांधून शिल्पं राखली आहेत, उक्षीचं काम बघण्यासारखं आहे. चप्पल-बूट बाहेर काढा, रेघांवर पाय देऊ नका, फोटोसाठी खडूने रेघा भरू नका. एका सड्यावर कुणीतरी रंगाने आकार गिरवलेला मी पाहिलाय, तो आता निघत नाही. चिरेखाणी, रस्ते, घरं यांनी किती चित्रं आधीच गेली असतील कोण जाणे. जी उरलीत ती तुमच्या मुलांना दाखवा. एक वर्ग एक दिवस घेऊन या, मी वाट दाखवायला येईन.

कशेळीला आलात की कनकादित्याचं देऊळ बघा. सूर्याची देवळं आपल्याकडे थोडी, त्यातलं हे एक. शिलाहार राजा भोज दुसरा याचा ताम्रपट तिथे आहे. पुढे आडिवऱ्याची महाकाली. हा रस्ता रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत जातो आणि वाटेत समुद्र सोबत असतो.

समुद्रात उतरायला सगळ्यात सुरक्षित किनारा कोणता? बरोबर पोहता न येणारे बरेच जण असतील.
— एक वाचक, इचलकरंजी

दादा, अमुक किनारा सुरक्षित असं लिहून द्यायला माझा हात धजत नाही. दरवर्षी घाटावरची तरणी मुलं आमच्या पाण्यात जातात आणि त्यांना शोधायला मच्छीमारांनाच होड्या काढाव्या लागतात. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला इतका सुंदर, पण उतार एकदम आहे आणि पाण्याला ओढ आहे. खाडीच्या मुखाशी तर कुठेच उतरू नका, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथेही नको. लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टाच पाणी आत ओढून नेणारा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर करू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरा.

भरतीची वेळ काढायची आमच्याकडची पद्धत सांगतो. घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमाराला, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीपासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. थोडं पुढेमागे होतं, पण कामापुरतं बरोबर येतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी.

हे दोन ठिकाणी फार उपयोगी पडेल. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने जाते. ती ओहोटीलाच करायची, आणि पाणी चढायला लागलं की मागे फिरायचं. लाटेने माणसं नेल्याच्या घटना तिथे झाल्यात, पुजाऱ्यांनी नको म्हटलं तर नको. उलट हेदवीची बामणघळ भरतीला बघायची. खडकातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि उसळून उंच उडते. लांब उभं राहून बघा, ओल्या खडकावर जाऊ नका.

मी सातवीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. हे खरं आहे का? आम्हाला सहलीला तिथे नेणार आहेत.
— एक विद्यार्थिनी, सांगली

बाळ, फार चांगला प्रश्न. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं, ते भारतातून दिसलं. फ्रान्सचे शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होते. त्यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, सूर्याच्या कडेच्या ज्वाळा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात हे दाखवलं. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. तिथूनच त्यांनी ऑक्टोबरमध्ये सूर्याच्या प्रकाशातली एक पिवळी रेघ तपासली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नव्या मूलद्रव्याचं नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर तो वायू 1895 ला रॅम्से यांना मिळाला.

मग विजयदुर्ग? 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला हेच लॉकियर आपली सगळी यंत्रं घेऊन विजयदुर्गाला आले होते. किल्ल्यावर जे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात ते त्या निरीक्षणाशी जुळतात. तेव्हा कट्ट्यांवर उभी राहशील तेव्हा मनात म्हण : हेलियमला नाव देणारा माणूस इथे सूर्याकडे बघत उभा होता. तेवढं पुरेसं मोठं आहे. सरांना हे दाखव, त्यांनाही आवडेल.

किल्ल्याची तिहेरी तटबंदी बघ. जवळच्या गिर्येला रामेश्वराचं देऊळ आहे, तिथे जायची वाट कातळ खोदून काढलीय. वाघोटण खाडीत मराठ्यांच्या आरमाराची गोदीही आहे, सरांना ती दाखवायला सांग.

मुलाचे जर्मनीतले दोन मित्र एप्रिलमध्ये येतायत. त्यांना ‘उष्ण कटिबंधातला देश’ अनुभवायचाय, माड आणि समुद्र वगैरे. गोव्याला पाठवू की कोकणात? माझ्या सासूबाईही येणार, त्यांना फार चालवत नाही.
— एक गृहिणी, ठाणे

वहिनी, कोकणातच आणा. माड आणि समुद्र त्यांना गोव्यातही मिळेल. एप्रिलमध्ये घामाच्या धारा लागतील हे आधी सांगून ठेवा, पण आमच्या वाडीत जे चालू असतं ते याच महिन्यात.

गुहागर, केळशी, दापोलीजवळचं मुरुड, अशा एखाद्या गावात वाडीतल्या घरी उतरा. समुद्रापासून वाडीत शिरलं की ऊन संपतं. वर माड, त्याच्या खाली पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल चढलेली, तिच्या खाली जायफळ, केळ, अननस आणि जमिनीवर शिपण्याचे पाट. एकाच जमिनीत चार-पाच मजली पीक. उष्ण कटिबंधातलं जंगल असंच थरांनी वाढतं आणि आमच्या लोकांनी तेच लावून घेतलंय, हे त्या मुलांना दाखवा. सासूबाईंना खुर्ची टाकून द्या, त्यांना तिथे बसूनच सगळं दिसेल.

एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. घरची बाई लालभडक फळं फोडून सालं आणि बिया वेगळ्या करते. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, रंग काळपट होईपर्यंत. त्याचं आमसूल. बियांतून निघतं ते कोकमतेल, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचं. कोकम सह्याद्रीच्या पट्ट्यातलं मूळचं झाड. त्या दोघांना स्वतःच्या हाताने एक टोपली फोडू द्या, हात लाल होतील. काजू मात्र पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण आता ओल्या काजूंच्या उसळीशिवाय आमचा उन्हाळा जात नाही. आंबा तर असतोच. हापूसला 2018 ला भौगोलिक मानांकन मिळालंय, पाट्या बघून घेण्यापेक्षा बागायतदाराकडून घ्या.

सासूबाईंना घेऊन रत्नागिरीला थिबा राजवाडा बघा, तळमजला आरामात होतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 ला राज्य घेऊन त्याला देशोधडीला लावलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा 1910 ला बांधून झाला, 1916 ला राजा इथेच वारला. राणी सुपयालत 1919 ला परत गेली. थोरली राजकन्या मात्र अखेर रत्नागिरीतच राहिली आणि इथेच वारली. जर्मन पाहुण्यांना ही गोष्ट शांतपणे सांगा. राजाची समाधीही शहरातच आहे, रिक्षावाल्याला विचारा.

आणखी चार दिवस असतील तर सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे 120. एकेका पत्त्यावर मासा, कासव, वराह असे अवतार बारीक ब्रशने काढलेले. बसून बघायचं काम आहे, सासूबाईंना जमेल. चितारआळीत लाकडी खेळणी. मुलांना मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर पाठवा. 1664 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची उभारणी सुरू केली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीत चढउतार करावी लागते, सासूबाईंना किनाऱ्यावरूनच दाखवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीही बंद, त्यामुळे मे संपायच्या आत सगळं उरका.

पाहुणे पावसात पुन्हा यायचं म्हणाले तर नाही म्हणू नका. जून-जुलैत रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडी फुलते, पांढरी, नाजूक, जगात दुसरीकडे जवळजवळ नाहीच. ऑगस्टच्या शेवटी सीतेची आसवं आणि कवला फुलला की अख्खा सडा निळा-पिवळा होतो. आंबोलीला रात्री टॉर्च घेऊन बेडूक बघायला जाता येतं. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, 2020 ला त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. घाटात दरडी येतात, म्हणून पावसात रात्रीचा प्रवास नको. सकाळची एस.टी. घ्या आणि डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा.